नखाची काडी

९ जून, शुक्रवार

पट्टा तुटला.

सकाळी पाव कापताना. आवाज नाही, ओढ नाही. मनगट एकदम हलकं झालं आणि घड्याळ लोण्यात पडलं! पंचवीस वर्षं आणि सात महिने टिकला. शिवण माझी होती. टाका एकही सुटलेला नाही, चामडंच हरलं.

लोणी पुसलं. घड्याळ चालतंय.

१० जून, शनिवार

बाजारातल्या घड्याळाच्या दुकानात गेले. काउंटरमागे बाविशीची मुलगी, नखं हिरवी. अठरा मिलिमीटरचा चामडी पट्टा मागितला. तिनं एक पट्टा उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला, पट्टा घड्याळाला अडकवणाऱ्या काडीवर, मोहरीएवढी गुंडी. म्हणाली, हत्यार लागत नाही मादाम. ही नखानं मागे ओढायची, काडी आत दबते, पट्टा निघतो. दुसरा तसाच बसवायचा. रोज बदला हवं तर, कपड्यांना शोभेलसा.

मला सांगते! त्या काडीविरुद्ध मी सव्वीस दिवस बर्फात उभी होते. ही मुलगी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, म्हणून तिला सगळं सांगितलं: मालकांनी ही काडी आणली, गिऱ्हाईक आपला पट्टा आपणच बदलेल म्हणाले, आणि पट्टे बसवणाऱ्या चौतीस जणांचं टेबल बंद करायला निघाले. तेव्हाचं माझं वाक्यही ऐकवलं — ज्या कामाला हत्यार लागत नाही, त्या कामाला माणूसही लागत नाही. दोन गिऱ्हाइकं दुकानातून निघून गेली. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण मादाम, सोपं आहे ना."

मी काउंटरवरचे बाकीचे पट्टे उलटे करून पाहिले. सगळ्यांना गुंडी.

शेवटी तिनं खालच्या खणातून जुन्या साध्या काडीवर बसणारा एक काळा पट्टा काढला, काड्या घड्याळावरच्याच वापरायच्या. बसवून देऊ का म्हणाली. नको म्हटलं. या घड्याळाच्या शिंगांना, पट्टा अडकतो तिथे, एकाच माणसाचा हात लागलाय. हे तिला नाही सांगितलं. इथे लिहिते.

१२ जून, सोमवार

पट्टा पिशवीतच पडून आहे.

मी शिवायची, आर्मां बसवायचा. एकाच कारखान्यात, एक मजला वर-खाली. घरीही एकत्र, एकवीस वर्षं. लग्न केलं नाही. मला सरकारचा शिक्का नको होता, त्याला पाद्र्याचा हवा होता, आणि दोघंही मागे हटलो नाही.

वर्षातून दोनदा तो माझा पट्टा बदलायचा. कारखान्यांची उन्हाळी सुट्टी लागायच्या आधीच्या शुक्रवारी कापडी, आणि संत मार्टिनच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला, परत चामडी. संत मार्टिन त्याच्या गावाकडचा. आमच्या खोऱ्यात त्या दिवशी कुणी साधी मेणबत्ती लावत नाही. तो मात्र डुकराचं मांस, बीट आणि आलुबुखाराची दारू घेऊन यायचा आणि जेवणाआधी म्हणायचा, "आण तो हात." माझं मनगट टेबलावर उताणं ठेवायचा. घड्याळ काढायचा, काड्या ओठांत धरायचा. बिनकाड्यांचे लोक बोलतात, आम्ही बसवणारे गप्प असतो, असं तो काड्या ओठांत असतानाच म्हणायचा. घड्याळाखालची कातडी पांढरी पडलेली असते, तिच्यावर क्षणभर अंगठा ठेवायचा. मग दुमुखी हत्यारानं खट्, खट्. झालं.

मार्च अठ्ठ्याण्णवमध्ये तो गेला, तेव्हापासून पट्टा बदललेला नाही. दोनदा टाके घातले, तेही पट्टा घड्याळावर असतानाच.

१४ जून, बुधवार

बायकांच्या संपाचा मोर्चा. जांभळा रुमाल बांधून गेले, बोलले. सात मिनिटं ठरली होती, सतरा झाली म्हणे. घड्याळ समोर ठेवायला नव्हतं ना!

संघटनेची नवी सचिव सेलीन भेटली. चांगली पोरगी. वाचते, भांडते. आमच्या संपाला पंचवीस वर्षं झाली त्याचा कार्यक्रम मार्चमध्ये व्हायचा होता, लोकभवनाचं छप्पर गळत होतं म्हणून राहिला. आता १४ जुलैला ठरलाय, सुट्टीआधीच्या शुक्रवारी, सगळे गावात असतात म्हणून. मी बोलायचं. पडद्यावर माझं वाक्य लावणार आहेत, माणसाएवढ्या अक्षरांत.

सुट्टीआधीचा शुक्रवार! दुसरा दिवस सापडला नाही यांना.

१७ जून, शनिवार

आज बसवायला घेतला. बोटं सुजलेली, सुरीचं टोक जाड. जुनी काडी निघाली ती उडालीच. स्प्रिंग आहे आत, उंदरासारखी पळते. शेगडीवर टण्ण वाजली आणि गेली.

समोरच्या दाराची दुल्स आवाज ऐकून आली. पोर्तुगालची. इस्पितळात फरशा पुसते आणि घरी आल्यावर माझ्या फरशीकडे बघून सुस्कारे टाकते. दोघी ओणव्या झालो. सापडलं ते असं: दोन गुंड्या, एक बदाम, जुनं पत्रक.

"मादाम कालाम, तुमच्या क्रांतीत झाडू बसतो का?"

मी म्हटलं, क्रांती झाली की झाडू सगळ्यांनीच मारायचा. ती म्हणाली, मग ती होईपर्यंत मी मारते, उठा. पुढे म्हणाली, तो नखानं निघणारा पट्टा घ्या की. तिच्या मुलाकडे आहेत, सहा. मी म्हटलं, ते माझ्या घरात येणार नाहीत. दुल्सनं बदाम खिशात टाकला आणि म्हणाली, बरं, मग घड्याळ लोण्यातच ठेवा.

१८ जून, रविवार

सुटी काडी हवी. काड्या एका ठिकाणी असणार. तळघरात, स्कीच्या मागे, आर्मांची हत्यारपेटी.

तो गेला त्या संध्याकाळी मी सभेहून आले तर अर्धं कपाट रिकामं आणि टेबलावर ही पेटी. वाटलं होतं, हत्यारांशिवाय कारागीर किती दिवस राहील? न्यायला येईल. उघडली नाही. तो आला की बंदच्या बंद हातात द्यायची, मान ताठ ठेवून. पंचवीस वर्षं मान ताठ आहे.

वर आणली, टेबलावर ठेवली. सूप गार झालं. कपाटात क्रांत्यांचे चार इतिहास आहेत, एकातही सोडून गेलेल्या माणसाची पेटी उघडावी की नाही ते लिहिलेलं नाही. उघडली.

वरच्या कप्प्यात दुमुखी हत्यार, त्याच्या अंगठ्यानं मूठ झिजलेली. खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यांत काड्या, मापाप्रमाणे. खाली फ्लॅनेलच्या फडक्यात दोन पट्टे. एक तपकिरी वासराच्या चामड्याचा, हिवाळी. एक निळसर करड्या कापडाचा, उन्हाळी. दोन्ही मी शिवलेले! आपला टाका आपल्याला ओळखू येतो, अक्षरासारखा. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत त्यानं शिवून घेतले होते, पुढच्या वर्षासाठी म्हणून.

उलटे केले. टोकाशी अस्तर कापून खाच केलेली. खाचेत काडी. काडीवर गुंडी.

हातानं डाख दिलेली, पितळी, कानशीनं गोल केलेली. चारही काड्यांना. आणि चिठ्ठी, त्याच्या मोठ्या अक्षरांत: "व्हियोलेतसाठी. नख पुरतं. उजवा अंगठा वापरू नये. १ मार्च १९९८."

माझा उजवा अंगठा तेव्हाच सुजायला लागला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

१९ जून, सोमवार

हिवाळी पट्टा बसवून पाहिला. काडीचं एक टोक शिंगाच्या भोकात, गुंडी नखानं मागे, दुसरं टोक समोर आणायचं, सोडायची. खट्. ओढून पाहिलं. पक्का. बहात्तराव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या घड्याळाला पट्टा लावला. काढला, घातला. चौदा वेळा. दुपार गेली त्यात.

हिवाळीच ठेवलाय. उन्हाळी शुक्रवारी लागतो.

संप ९ मार्चला सुरू झाला, आणि ही चिठ्ठी १ मार्चची. म्हणजे ज्या काडीविरुद्ध मी गाव उठवलं, ती त्यानं तेव्हा स्वतः करून ठेवलेली होती. माझ्यासाठी. मालकांनी आणली ती दुसऱ्या कुणाची होती, पण ही तिच्यापेक्षा चांगली आहे. मी तेवढं ओळखते.

आणि एक गोष्ट काल सुचली नाही ती आज पहाटे सुचली. पट्टे बसवणाऱ्यांची हत्यारं घरी येत नाहीत. कधीच नाही. टेबलाच्या खणात राहतात, कुलपात, कारखान्याच्या आत. आणि तो गेला तेव्हा आम्ही अकरा दिवस बाहेर होतो! मग ही पेटी माझ्या टेबलावर आली कशी?

तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या बाईला हा प्रश्न पडायला पंचवीस वर्षं लागली.

२० जून, मंगळवार

जे मी कधी लिहिलं नाही ते आधी लिहिते, मग कारखान्याच्या तेव्हाच्या पहारेकऱ्याकडे, विलीकडे जाते.

संपाचा अकरावा दिवस, गुरुवार. सकाळी नऊला आर्मां सगळ्यांच्या देखत फाटकातून आत गेला. कुणाशी बोलला नाही. दुपारी चारला लोकभवनाच्या पायऱ्यांवर मी उभी राहिले, चारशे लोक होते. म्हणाले, "आपल्यातला एक आज आत गेला. त्याचं नाव मीच घेते, कारण मी त्याच्या शेजारी झोपते." आणि नाव घेतलं. शिट्ट्या झाल्या, बर्फाचे गोळे उडाले. तो मागे उभा होता, टोपी हातात घेऊन. टोपी का काढली होती कोण जाणे.

ते माझं सगळ्यात चांगलं भाषण मानतात.

तोच दिवस, संध्याकाळी

विली तेव्हा फाटकावर होता. आता ससे पाळतो. मला बघून पिंजऱ्यामागूनच ओरडला, काय कॉम्रेडबाई, आज कुणाला उठवायला आलात? मी मनगट पुढे केलं. त्यानं चष्मा लावला, घड्याळ उलटं केलं, गुंडी पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"उघडलीस शेवटी," म्हणाला.

त्याला सगळं ठाऊक होतं! त्यानंच आर्मांला कळवलं होतं, की दुपारी संपवाल्यांचे खण उघडायचा मालकांचा हुकूम आहे आणि किल्ल्या विलीकडे आहेत. आर्मांच्या खणात हे पट्टे होते. मालकांच्या हाती लागले असते तर त्यांनी ते पायऱ्यांवर नाचवले असते: बघा, तुमच्याच पुढारणीच्या माणसानं ही काडी केलीय, आमच्यापेक्षा बरी केलीय! संप त्याच दुपारी मेला असता. म्हणून तो आत गेला. पेटी उचलली, विलीनं कोळशाच्या दारानं बाहेर काढला.

"चार मिनिटं होता आत," विली म्हणाला. "चार मिनिटांत कुणी संप फोडतं का गं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू ऐकत होतीस कुठं? तू बोलत होतीस."

सशांना पाला घालत राहिला. मग म्हणाला, नोकरी जायची भीती होती, खोटं कशाला बोलू. आणि आर्मांनंच तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. म्हणाला होता, तिला कळलं तर ती उद्या पायऱ्यांवर उभी राहू शकणार नाही, संप संपू दे, मग ती विचारेल.

"पोरांत्र्वीला बहिणीकडे जाऊन बसला वाट बघत. मला पत्रं यायची — विचारलं का तिनं? मी लिहायचो, नाही. दोन वर्षं लिहायचो. मग त्यानं विचारणं सोडलं."

२१ जून, बुधवार

काही लिहवत नाही.

२३ जून, शुक्रवार

हे स्वच्छ मांडते, नाहीतर रडगाणं होईल.

संप बरोबर होता. टेबल आणखी सहा वर्षं टिकलं, तेवढ्यात चौतीसपैकी एकोणीस जण निवृत्तीला पोचले. ती सहा वर्षं आम्ही त्यांच्या ताटात वाढली. काडी वाईट नव्हती, ती कुणाच्या हातात आहे हा प्रश्न होता. मालकाच्या हातात ती चौतीस माणसं कमी करणारी होती, आर्मांच्या हातात माझा एक अंगठा वाचवणारी. हे मी तेव्हा पायऱ्यांवर सांगू शकले असते! काय भाषण झालं असतं! पण त्यासाठी घरी येऊन एक प्रश्न विचारावा लागला असता — का गेला होतास आत?

चौतीस जणांबद्दल मी बरोबर होते. एकाबद्दल चुकले.

२६ जून, सोमवार

विलीनं पत्ता दिला. आर्मां जिवंत आहे, शहात्तरचा. बहीण वारली. एकटा राहतो, मासे धरतो.

पत्र लिहिलं, अकरा पानं. वाचलं. भाषण होतं. फाडलं.

२७ जून, मंगळवार

दोन पानं. तेही भाषणच. मला साधं वाक्य येत नाही की काय?

२८ जून, बुधवार

टाकलं. चार ओळी.

"आर्मां, पेटी उघडली. काडी चालते. विलीकडून बाकी कळलं. शुक्रवारी १४ तारखेला पाच वाजता लोकभवनात बोलणार आहे. व्हियोलेत."

माफी मागितली नाही. आरोप चारशे लोकांसमोर केला, माफी बंद लिफाफ्यातून पाठवायची? ती तिथेच मागायची, त्याच पायऱ्यांच्या आत.

पण त्यानं यावं. हे पत्रात नाही लिहिलं.

१ जुलै, शनिवार

पत्र नाही.

५ जुलै, बुधवार

टपालात कोंबडीच्या भावाचं पत्रक.

सेलीन आली होती. मी काय बोलणार ते सांगितलं. ऐकताना पेन्सिल चावत होती. म्हणाली, मादाम कालाम, हे खरं आहे आणि मोठं आहे, पण त्या दिवशीच का? तरुण पोरं येणार आहेत, त्यांना एक जिंकलेली गोष्ट हवीय. वेगळा लेख लिहा ना, आम्ही छापू.

मी म्हटलं, जिंकलेल्या गोष्टीत एक माणूस फुकट चिरडला गेला असेल, तर पोरांना तेही कळू दे. नाहीतर पुढच्या संपात ती आणखी एकाला चिरडतील आणि माझं वाक्य म्हणत चिरडतील. आणि पडद्यावरचं ते वाक्य काढ.

तिनं पडदा छापून घेतला आहे. हळहळली. मग म्हणाली, "मी त्याच्यापुढे झाडाच्या कुंड्या ठेवते."

आवडते मला ही.

८ जुलै, शनिवार

पत्र नाही. दुल्सला वाटतं मी आजारी आहे. मीठ लावलेल्या माशाचं कालवण आणून ठेवलं. मनगटाकडे बघून म्हणाली, अरे वा, आला की शेवटी घरात नखवाला! तिनं माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि मी सगळं जेवेपर्यंत बसून राहिली. एक शब्द नाही. पोर्तुगालच्या बाईकडून गप्प बसणं शिकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

११ जुलै, मंगळवार

पत्र नाही.

सकाळी मों-सोलेयच्या डोंगरगाडीनं वर गेले. वरून रूळ दिसतात खोऱ्याच्या टोकापर्यंत. पोरांत्र्वीहून यायचं तर दोनदा गाडी बदलावी लागते, शेवटची सोन्सबोझला. मला वेळापत्रक पाठ झालंय. एका पायानं लंगडत असेल का तो? केस असतील का? पंचवीस वर्षं त्याच्याशी मनात भांडले. त्या भांडणातला आर्मां एक्कावन्न वर्षांचाच राहिला, आणि दर वेळी हरला. आता त्याला एकदा जिंकताना बघायचंय.

चार गाड्या आल्या. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. टोपीवाले दोन होते.

१४ जुलै, शुक्रवार, सकाळी

टपाल आलं, पत्र नाही.

आज सुट्टीआधीचा शुक्रवार. उन्हाळी पट्टा टेबलावर काढून ठेवलाय. सहा सेकंदांचं काम, हत्यार लागत नाही, नख आहे. बदलला नाही. हिवाळीच घालून जाते.

१५ जुलै, शनिवार

दोनशे तरी लोक होते. कुंड्यांच्या पानांतून माझं वाक्य दिसत होतं — "माणूसही लागत नाही" एवढंच. घड्याळ काढून समोर ठेवलं. चार मिनिटं बोलायचं ठरवलं होतं. तो आत होता तेवढीच.

दार दिसेल अशी उभी राहिले. तो नव्हता.

म्हणाले: पंचवीस वर्षांपूर्वी या इमारतीच्या पायऱ्यांवर मी एका माणसाचं नाव घेतलं, आज तेच नाव परत घेते. आर्मां मोंताव्हों फितूर नव्हता. तो आत गेला तो संप वाचवायला. तुमच्यातल्या कुणीही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि पहिला प्रश्न विचारणं माझं काम होतं. मी भाषण केलं. मग घड्याळ उचललं, पट्टा नखानं काढून दाखवला, परत लावला. ही काडी त्यानं केली. माझा अंगठा दुखत होता म्हणून. मी त्याची माफी मागते, तो इथे नसला तरी. इथेच मागायची होती.

आवाज फुटला मध्ये. माझा आवाज कधी फुटत नाही.

मागून एक म्हातारा उठला, टेबलावरचाच, चौतीसमधला. "म्हणजे संप चुकला म्हणायचं का, व्हियोलेत?"

"नाही. संप उद्या पुन्हा करायचा झाला तर मी पुन्हा पायऱ्यांवर आहे. फक्त शेजारी झोपणाऱ्याला आधी विचारीन."

कुणीतरी हसलं. मग टाळ्या, आधी तुरळक. विली पहिल्या रांगेत बसून सारखा खोकत होता, सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून. छाती दुखते की काय म्हणून मी घाबरले. नंतर विचारलं तर म्हणाला, काही नाही, ससे.

चार मिनिटं ठरवली होती, पाच झाली.

घरी आले. उन्हाळी पट्टा टेबलावर तसाच. जुलैत चामड्याखाली घाम येतो, खाज सुटते. सुटू दे. येतं म्हणून केलंच पाहिजे असं नाही. मला पट्टा बदलायचा नव्हताच कधी. बदलून हवा होता.

१६ जुलै, रविवार

अकराच्या गाडीनं आला. केस नाहीत. दारात म्हणाला, भाषणाला नाही आलो, भाषणं पुरेशी झाली. पण ऐकलं, विलीच्या खिशातल्या फोनमधून, अर्धा खोकलाच होता. मी तयार केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. विचारलं, "का गेला होतास आत?" तो म्हणाला, "आता सांगून काय? सांगितलंस की तूच सगळ्यांना." आणि खुर्चीवर बसला, त्याच्याच. "आण तो हात."

चष्मा लावतो आता. पांढऱ्या कातडीवर अंगठा ठेवला. नखानं खट्, खट्, उन्हाळी पट्टा बसला. हत्यार लागलं नाही.

पाव आणि चीज खाल्लं. पुढचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. चारच्या गाडीनं गेला.

आता हिवाळी पट्टा पेटीत ठेवायला गेले तर नाही. टेबलावर नाही, टेबलाखाली नाही, शेगडीमागे उडालेली जुनी काडी सापडली पण पट्टा नाही. दुल्सला हाक मारायला दारापर्यंत गेले आणि थांबले.

तो घेऊन गेलाय. संत मार्टिनला लागेल ना!